मज्जा तीन आठवडे, किडनी वर्षानुवर्षे: बोस्टनच्या दुहेरी रोपणाचा प्रकरण अभ्यास

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने जानेवारी २००८ मध्ये पाच रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. पाचही जणांच्या किडन्या निकामी झालेल्या होत्या. पाचही जणांना जवळच्या नातेवाइकाची किडनी बसवली आणि त्याच दात्याच्या कमरेच्या हाडातून काढलेली अस्थिमज्जाही शिरेतून दिली. चौघांच्या रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या ९ ते १४ महिन्यांत पूर्ण बंद झाल्या. अहवाल लिहिला गेला तेव्हा रोपणाला २ ते ५.३ वर्षे झाली होती आणि चौघांच्या किडन्या नीट चालत होत्या. पाचव्याची, म्हणजे क्रमाने तिसऱ्या रुग्णाची, किडनी मात्र गेली.

दात्याची मज्जा या पाचांपैकी कोणाच्याही शरीरात टिकली नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्तात दात्याच्या पेशी दिसल्या आणि नंतर नाहीशा झाल्या. मज्जेतल्या मूळपेशी (स्टेम सेल) गेल्या तरी सहिष्णुता, म्हणजे गोळ्यांविना परका अवयव सहन करण्याची क्षमता, राहिली, ती कशाच्या जोरावर? आणि तिसऱ्या रुग्णात तीच युक्ती का फसली? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की या प्रकरणातून चुकीचा धडा घेतला जातो.

दाते निवडताना एक गोष्ट मुद्दाम केली होती. दाता आणि रुग्ण यांचे एचएलए, म्हणजे आपले-परके ओळखायला लावणाऱ्या पेशींवरच्या खुणा, अर्धेच जुळत होते. आई-वडील आणि मूल यांचे निम्मे एचएलए नेहमीच जुळते. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मे जुळण्याची ५० टक्के आणि अजिबात न जुळण्याची २५ टक्के असते. याच हॉस्पिटलने १९९८ पासून मायलोमा (मज्जेतला कॅन्सर) आणि निकामी किडनी असे दोन्ही आजार असलेल्या रुग्णांत पूर्ण जुळणाऱ्या भावंडांची मज्जा आणि किडनी एकत्र दिली होती. तिथे कॅन्सरवर उपचार म्हणून मज्जा द्यायचीच होती. २००८ च्या रुग्णांना कॅन्सर नव्हता. त्यामुळे मज्जा देण्याची जोखीम केवळ गोळ्या सुटाव्यात म्हणून घेतली जात होती. पूर्वतयारीची तीव्रता किती ठेवायची, हे या एका मुद्द्यावरून ठरले.

काय दिले, कधी दिले

शस्त्रक्रियेचा दिवस शून्य धरू. पाच दिवस आणि चार दिवस आधी सायक्लोफॉस्फामाइड हे केमोथेरपीचे औषध, दर वेळी किलोमागे ६० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला हे दिवसाला ३.६ ग्रॅम होते, दोन दिवसांचे मिळून ७.२ ग्रॅम. किडनी चालत नसताना हे औषध आणि त्यातून निघणारी विषारी द्रव्ये लघवीवाटे बाहेर जात नाहीत, म्हणून डोसानंतर डायलिसिस ठरवूनच ठेवावे लागते. इथे वेळापत्रक ढिले पडून चालत नाही. डायलिसिस लवकर केले तर औषध काम करण्याआधीच धुऊन निघते, उशीर झाला तर मूत्राशय, हृदय आणि मज्जेवरचा विषारी परिणाम वाढतो.

सायक्लोफॉस्फामाइड निवडण्यामागचे कारण सहसा सांगितले जात नाही. रक्ताच्या मूळपेशींमध्ये अल्डिहाइड डिहायड्रोजनेज नावाचे विकर भरपूर असते आणि ते या औषधाचे विष निकामी करते. विभागणाऱ्या लिम्फोसाइट पेशींकडे, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या टी आणि बी या पांढऱ्या पेशींकडे, ते संरक्षण तुटपुंजे असते. परिणामी लिम्फोसाइट मोठ्या प्रमाणात मरतात, पण रुग्णाच्या स्वतःच्या मूळपेशी तगून राहतात. दात्याची मज्जा रुजली नाही तरी रुग्णाची मज्जा आपली आपण सावरते. दात्याच्या पेशी तीन आठवड्यांत का गेल्या, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. त्यांना कायमची जागा मिळेल इतकी मज्जा कधी रिकामी केलीच नव्हती.

त्यानंतर सिप्लिझुमॅब. टी पेशी आणि नैसर्गिक मारक पेशींवरच्या सीडी२ या रेणूला चिकटणारे हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे. आधी किलोमागे ०.१ मिलिग्रॅमचा चाचणी डोस आणि मग शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी किलोमागे ०.६ मिलिग्रॅम. आदल्या दिवशीच छातीतल्या थायमस ग्रंथीवर ७ ग्रे किरणोत्सर्जन. किरणे संपूर्ण शरीराला नाहीत, फक्त थायमसला. तिथे तयार होऊन बसलेल्या टी पेशी इतर औषधांच्या तावडीतून सुटतात, त्या अशा काढल्या जातात.

शून्य दिवशी आधी किडनी जोडायची, रक्तप्रवाह सुरू करायचा आणि मग मज्जा रक्तासारखी शिरेतून चढवायची. मज्जारोपणात सर्वसाधारणपणे रुग्णाच्या किलोमागे २० कोटी किंवा त्याहून जास्त केंद्रकयुक्त पेशी लागतात. ६० किलोच्या रुग्णाला म्हणजे १,२०० कोटी. त्यातल्या सीडी३४ खूण असलेल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने मूळ आणि पूर्वज पेशी, साधारण शंभरात एक. बाकी सगळा भरणा परिपक्व पेशींचा असतो: बी पेशी, काही टी पेशी, डेंड्रायटिक पेशी, मोनोसाइट. पुढे संकेतांचा विचार करताना ही शंभरात एकची गोष्ट विसरून चालणार नाही.

नंतर फक्त सायक्लोस्पोरिन, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, तेही हळूहळू कमी करत ९ ते १४ महिन्यांत शून्यावर.

दहावा दिवस ते सोळावा दिवस

या काळात जवळपास प्रत्येक रुग्णात किडनी बिघडते. याच पद्धतीने रोपण झालेल्या दहा रुग्णांच्या बायोप्सी पुढे स्वतंत्रपणे तपासल्या गेल्या, तेव्हा नऊ जणांना १० ते १६ व्या दिवसादरम्यान हा त्रास झालेला आढळला. ताप येतो, अंगावर पाणी साचते, वजन वाढते, रक्तातले क्रिएटिनिन (किडनी किती चालते याचे माप) चढते. नवखा डॉक्टर इथे अवयव नाकारला गेला असे समजतो आणि स्टिरॉइडचे मोठे डोस सुरू करतो. बायोप्सी मात्र वेगळे सांगते. नलिकांना तीव्र इजा, पेशींमधल्या जागेत सूज आणि रक्तस्राव, केशवाहिन्यांचे अस्तर गळून पडलेले, पण ऊतीत शिरलेल्या दाहक पेशी १० टक्क्यांहून कमी किंवा नाहीतच. केशवाहिन्यांत सापडलेल्या पेशी तपासल्या तर त्या मोनोसाइट जातीच्या आणि वेगाने विभागणाऱ्या सीडी८ टी पेशी. एक्स-वाय गुणसूत्रांची चाचणी केली तेव्हा त्या रुग्णाच्याच निघाल्या, दात्याच्या नव्हेत.

म्हणजे हा रुग्णाची स्वतःची मज्जा परत उभी राहतानाचा गदारोळ आहे. नेमक्या त्याच दिवसांत दात्याच्या पेशी ओसरत असतात. दोघांना सोडून इतरांत तो दोन ते चार आठवड्यांत पूर्ण निवळला. दोघांना काहीच जादा उपचार दिले नव्हते तरी ते बरे झाले. सहा जणांना नाकारणीविरुद्धचे उपचार दिले गेले. त्यातले किती खरोखर लागत होते, हे नंतर सांगणे कठीण. आमच्या मते इथे सर्वांत महत्त्वाचा निर्णय बायोप्सीचा आहे आणि तो क्रिएटिनिन चढायला लागल्याबरोबर घ्यायला हवा. बायोप्सीत दोन गोष्टी आधी बघाव्यात: केशवाहिन्यांच्या भिंतीवर सी४डी (प्रतिपिंडांनी हल्ला केल्याची खूण) साचले आहे का, आणि त्याच दिवशीच्या रक्तात दात्याविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का. दोन्ही नकारार्थी असतील तर धीर धरण्यासारखी स्थिती आहे. दोन्ही होकारार्थी असतील तर तासांचा हिशोब सुरू होतो.

हा त्रास टाळण्यासाठी पुढच्या फेरबदलात सायक्लोफॉस्फामाइडऐवजी संपूर्ण शरीराला कमी मात्रेचे किरणोत्सर्जन वापरून पाहिले गेले. किरणे दिली की रुग्णाची मज्जा सावरण्याचा वेग आणि क्रम बदलतो.

तीन आठवड्यांत मूळपेशी काय करतात

आता मुख्य प्रश्न. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवले की सीडी२५ असलेल्या सीडी४ टी पेशींचा एक गट इतर टी पेशींना आवरतो. पुढे या गटाचे ओळखचिन्ह म्हणून फॉक्सपी३ हे जनुक निश्चित झाले. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना याच शोधांसाठी मिळाले. या नियामक टी पेशींना प्रयोगशाळेत सर्रास टी-रेग म्हणतात, इथेही तेच नाव वापरू.

टी-रेगची संख्या वाढायला तीन गोष्टी लागतात: ओळखीचा प्रतिजन (टी पेशी ओळखते तो रेणू) दिसणे, सोबतचा दुजोरा देणारा संकेत आणि इंटरल्युकिन-२ हे वाढीचे द्रव्य. रक्ताच्या मूळपेशी यातल्या पहिल्या दोन गोष्टी स्वतः पुरवू शकतात, हे वेगवेगळ्या प्रयोगांतून दिसले आहे. २००६ मध्ये पॅरिसमधल्या गटाने मधुमेह होणाऱ्या एनओडी जातीच्या उंदरांवर काम केले. जी-सीएसएफ आणि एफएलटी-३ लिगँड ही मज्जेला चालना देणारी द्रव्ये देऊन मज्जेतल्या पूर्वज पेशी बाहेर काढल्या आणि इतर उंदरांना टोचल्या. त्या उंदरांना मधुमेहापासून संरक्षण मिळाले आणि त्यांच्यातले टी-रेग वाढले. या पूर्वज पेशींच्या पृष्ठभागावर जॅग्ड-२ नावाचा रेणू होता आणि तो टी-रेगवरच्या नॉच ग्राहकाला प्रत्यक्ष स्पर्शातून संकेत देत होता. स्पर्शाची ही अट महत्त्वाची आहे. पूर्वज पेशी जिथे जाते तिथेच हा परिणाम घडतो. रक्तात काही द्रव्य सोडून दूरवर काम करण्याचा हा प्रकार नाही.

पहिल्या गोष्टीबद्दल, म्हणजे प्रतिजन दाखवण्याबद्दल, २०२२ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी दाखवले की रक्ताच्या मूळ आणि पूर्वज पेशींवर एमएचसी वर्ग २ चे (माणसात एचएलएचेच) रेणू असतात आणि त्या सीडी४ टी पेशींना प्रतिजन दाखवू शकतात. दात्याची मूळपेशी रुग्णाच्या शरीरात पोचते तेव्हा ती दात्याचे एचएलए अंगावर घेऊनच पोचते. ते एचएलए ओळखू शकणारे टी-रेग रुग्णाकडे आधीपासून थोडेफार असतात. तिसरी गोष्ट मात्र मूळपेशी देत नाही. इंटरल्युकिन-२ मुख्यतः सक्रिय झालेल्या इतर टी पेशींकडून येते आणि सायक्लोस्पोरिन नेमके तेच कमी करते. म्हणून सायक्लोस्पोरिनच्या छायेत टी-रेगचे भरणपोषण अर्धपोटी होते. सिरोलिमस या दुसऱ्या गोळीत हा तोटा कमी असतो. सायक्लोस्पोरिन टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचा एक फायदा हाही आहे, पण त्याची चर्चा फारशी होत नाही.

उलट दिशेचा व्यवहारही आहे. २०११ मध्ये बोस्टनमधल्याच एका गटाने जिवंत उंदराच्या कवटीच्या हाडात सूक्ष्मदर्शकातून पाहिले. परक्या उंदराच्या मूळपेशी कोणतेही औषध न देता महिनाभर टिकल्या होत्या आणि त्यांच्याभोवती हाडाच्या आतल्या पृष्ठभागालगत टी-रेगचे पुंजके जमले होते. टी-रेग काढून टाकले की मूळपेशीही जायच्या. म्हणजे मूळपेशी टी-रेगना वाढवते आणि टी-रेग तिच्या जागेला संरक्षण देतात. यातला एक दुवा तुटला तरी दुसरा ढिला पडतो.

उंदरातला निष्कर्ष माणसावर जसाच्या तसा चिकटवण्याचा मोह होतो. बोस्टनच्या रुग्णांत जी मज्जा दिली तिच्यात मूळपेशी शंभरात एक होत्या, हे वर आले आहेच. दात्याच्या बी पेशी आणि डेंड्रायटिक पेशीही दात्याचे एचएलए दाखवतात. कोणत्या पेशीने किती काम केले, हे वेगळे काढण्याची सोय या रोपणाच्या रचनेतच नाही. सुरुवातीचे संकेत दात्याच्या मज्जेतून आले, इतपत म्हणता येते. ते सगळे सीडी३४ पेशींचे, असे छातीठोकपणे म्हणणे अतिशयोक्ती होईल.

या रोपणातला पुरावा मात्र ठोस आहे. टी पेशी परत येऊ लागतात तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्यात टी-रेगचा वाटा नेहमीपेक्षा बराच मोठा असतो. यात सिप्लिझुमॅबचाही हात आहे. मारक स्मृती टी पेशींवर सीडी२ जास्त आणि टी-रेगवर कमी असल्याने औषध मारक पेशींना अधिक खाते. गोळ्या थांबवल्यानंतरच्या किडनी बायोप्सीत फॉक्सपी३ चा संदेशवाहक आरएनए भरपूर आणि ग्रँझाइम-बी (मारक पेशींचे हत्यार) चा जवळजवळ नाही, असे २००८ च्या अहवालातच दिसले होते. पहारेकरी आहेत, हल्लेखोर नाहीत.

पण हे टी-रेग दात्याला ओळखणारेच होते का? हे २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मेगन साइक्स यांच्या गटाने शोधले. रुग्णाचे रोपणापूर्वीचे टी-रेग दात्याच्या उत्तेजित बी पेशींसोबत वाढवले. जे वाढले त्यांच्या ग्राहक रेणूंचा जनुकीय क्रम लिहून घेतला आणि मग त्याच क्रमाचे टी-रेग रोपणानंतरच्या रक्तात शोधले. टी पेशीचा ग्राहक प्रत्येक कुळाचा वेगळा असतो, त्यामुळे एखादे कूळ वाढले की घटले हे मोजता येते. सहिष्णुता आलेल्या तीन रुग्णांत दात्याला ओळखणारी टी-रेगची कुळे सहाव्या महिन्यात वाढलेली होती. सहिष्णुता न आलेल्या एका रुग्णात ती घटली होती. चारच रुग्ण, हे खरे. पण चौघांची दिशा एकच गोष्ट सांगते.

त्याच गटाने २०१५ मध्ये दात्यावर हल्ला करणाऱ्या टी पेशींची कुळेही अशीच मागोवा घेऊन मोजली होती. सहिष्णू तिघांत ती हळूहळू घटत गेली. नेहमीच्या गोळ्यांवर असलेल्या किडनी रुग्णांत असे घटणे दिसले नाही. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले की क्रम असा लागतो: आधी टी-रेग वाढतात आणि वेळ मिळवून देतात, त्या वेळात हल्लेखोर कुळे नाहीशी होत जातात. मज्जा तीन आठवड्यांत गेली तरी चालले, कारण तोवर पहिले काम झालेले होते आणि नंतर दात्याचा प्रतिजन दाखवत राहायला किडनी होतीच.

या शेवटच्या वाक्याला माकडांवरच्या प्रयोगांचा आधार आहे. रक्तात दाता आणि यजमान यांच्या पेशींचे तात्पुरते मिश्रण साधूनही एकट्या हृदयाचे रोपण माकडांत टिकत नसे, पण सोबत त्याच दात्याची किडनी दिली की हृदयही स्वीकारले जाई. उंदरांच्या किडनीत धमन्यांभोवती टी-रेगने भरलेले पुंजके तयार होतात आणि फॉक्सपी३ पेशी काढल्या तर किडनी नाकारली जाते. किडनी या व्यवहारात स्वतः भाग घेते. म्हणूनच किडनीतले यश पाहून हीच पद्धत यकृत, हृदय किंवा स्वादुपिंडाच्या बेटांना लावायची घाई करू नये.

तिसरा रुग्ण

तिसऱ्या रुग्णात टी पेशींचा प्रश्नच नव्हता. त्याची किडनी प्रतिपिंडांमुळे गेली. रोपणानंतर थोड्याच दिवसांत तीव्र स्वरूपाची प्रतिपिंडजन्य नाकारणी झाली आणि ती परतवता आली नाही.

टी-रेगवर आधारलेल्या विचाराची मर्यादा इथे उघडी पडते. टी-रेग मदतनीस टी पेशींना आवरतात, त्यामुळे नवी प्रतिपिंडे तयार होण्याला काही अंशी लगाम बसतो. पण जिच्याजवळ दात्याच्या एचएलएची स्मृती आधीच आहे, अशी बी पेशी काही दिवसांत प्रतिपिंडे ओतू शकते. त्या वेळी टी-रेगची वाढ नुकती सुरू झालेली असते. शर्यतच बरोबरीची नाही. शिवाय आधीच्या रक्तसंक्रमणांतून, गर्भधारणेतून किंवा जुन्या रोपणातून आलेली स्मृती रक्तातल्या नेहमीच्या क्रॉसमॅचमध्ये (दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत का, ही चाचणी) दिसेलच असे नाही. प्रतिपिंडांची पातळी खाली गेलेली असते, बी पेशी मात्र जागच्या जागी असतात.

चौथ्या आणि पाचव्या रुग्णापासून पद्धत बदलली. रोपणाच्या सात आणि दोन दिवस आधी रिटुक्सिमॅब, शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रति चौरस मीटर ३७५ मिलिग्रॅम. १.७ चौरस मीटरच्या माणसाला हे जवळपास ६४० मिलिग्रॅम होते. सोबत सुरुवातीला थोडे दिवस स्टिरॉइड. या दोघांच्याही किडन्या वाचल्या आणि ते गोळ्यांतून सुटले.

रिटुक्सिमॅब सीडी२० असलेल्या बी पेशी मारते. प्रतिपिंडांचे उत्पादन करणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसते. त्यामुळे आधीच असलेली प्रतिपिंडे या औषधाने जात नाहीत, फक्त नवी भर थांबते. ज्याच्या रक्तात रोपणापूर्वीच दात्याविरुद्धची प्रतिपिंडे आहेत, त्याला रिटुक्सिमॅब देऊन या पद्धतीत घेणे म्हणजे तिसऱ्या रुग्णाची पुनरावृत्ती ओढवून घेणे.

किती डोस लागतात याचे उत्तर २०१४ च्या दहा रुग्णांच्या अहवालात मिळाले. रिटुक्सिमॅब न दिलेल्या किंवा दोनच डोस दिलेल्या बहुतेकांत पुढे दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आली. चार डोस दिलेल्यांत ती एकाही रुग्णात आढळली नाहीत.

मोजणीत कुठे फसगत होते

टी-रेग वाढले असे म्हणताना टक्केवारी आणि संख्या यांत गल्लत होते. समजा रोपणापूर्वी मायक्रोलिटरमागे ८०० सीडी४ पेशी होत्या आणि त्यातल्या ५ टक्के टी-रेग, म्हणजे ४०. रोपणानंतर चौथ्या आठवड्यात सीडी४ पेशी ५० वर आल्या आणि त्यातल्या २० टक्के टी-रेग, म्हणजे १०. टक्केवारी चौपट झाली, संख्या चौथाई. दोन्ही आकडे खरे आहेत. महत्त्व गुणोत्तराला आहे, कारण एका टी-रेगमागे किती हल्लेखोर पेशी उरल्या हे त्यावरून कळते. पण अहवालात फक्त टक्केवारी छापली तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

दुसरा खड्डा फॉक्सपी३ चा. माणसाची साधी टी पेशी सक्रिय झाली की काही काळ तीही फॉक्सपी३ दाखवते. ताप, सीएमव्ही या विषाणूचा संसर्ग किंवा वर सांगितलेला दहाव्या-सोळाव्या दिवसाचा गदारोळ चालू असताना घेतलेल्या नमुन्यात खोटे टी-रेग भरपूर सापडतील. सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी अशी जोडखूण लावल्याने काही गाळ निघतो. खात्री करायची तर फॉक्सपी३ जनुकाच्या ठरावीक भागावरचे मिथाइल गट उतरलेले आहेत का, हे पाहावे लागते. खऱ्या टी-रेगमध्ये ते कायमचे उतरलेले असतात.

तिसरी गोष्ट कार्यात्मक चाचणीची. रुग्णाच्या पेशी दात्याच्या किरणोत्सर्जित पेशींसोबत ठेवायच्या आणि किती विभागतात ते पाहायचे. विभागणी नाही म्हणजे सहिष्णुता, असा निष्कर्ष काढण्याआधी त्याच दिवशी, त्याच थाळीत तिसऱ्याच अनोळखी माणसाच्या पेशींशी तुलना हवी. नाहीतर रुग्णाच्या टी पेशी औषधाने थकलेल्या आहेत की दात्यालाच ओळखेनाशा झाल्या आहेत, हे कळत नाही. २००८ च्या अहवालातल्या चौघांत अनोळखी पेशींना प्रतिसाद परतला आणि दात्याला परतला नाही, म्हणून त्या निकालाला किंमत आहे. हीच चाचणी सीडी२५ पेशी काढून पुन्हा करायची. काढल्यावर दात्याविरुद्धचा प्रतिसाद उसळला तर हल्लेखोर अजून आहेत आणि टी-रेग त्यांना दाबून धरत आहेत. काहीच उसळले नाही तर हल्लेखोर गेलेले आहेत. सुरुवातीच्या महिन्यांत काढलेला निष्कर्ष वर्षभराने बदलू शकतो, म्हणून ही चाचणी एकदा करून फाइल बंद करायची नसते.

पुढच्या वर्षांत

२०१४ च्या अहवालातल्या दहाही जणांत तात्पुरते मिश्रण साधले. सात जणांच्या गोळ्या चार किंवा त्याहून जास्त वर्षे बंद राहिल्या. २०१४ पर्यंत त्यातले चौघे ४.५ ते ११.४ वर्षे गोळ्यांविना होते. तिघांना ५ ते ८ वर्षांनी गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या, कारण मूळ आजार किडनीत परतला किंवा प्रतिपिंडांमुळे जुनाट नाकारणी सुरू झाली. दहापैकी तीन किडन्या गेल्या, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन किंवा नाकारणीने. दात्याच्या पेशींनी रुग्णावर उलटण्याचा प्रकार मात्र कोणातही झाला नाही. अर्ध्या जुळणीच्या मज्जारोपणात ही भीती मोठी असते. तात्पुरत्या मिश्रणाचा हा मोठा फायदा आहे.

मूळ आजाराचा मुद्दा पुरेसा ठळकपणे मांडला जात नाही. टी-रेग दात्याच्या एचएलएला सहन करायला शिकतात. रुग्णाच्या जुन्या आजाराला त्याच्याशी काही देणेघेणे नसते. किडनी कशाने निकामी झाली हे रोपणाआधी बायोप्सीने नक्की नसेल, तर गोळ्या थांबवण्याचा बेत त्या रुग्णासाठी आखूच नये. आपल्याकडे अनेक रुग्ण इतक्या उशिरा येतात की दोन्ही किडन्या आकसलेल्या असतात आणि मूळ कारण कागदावर कुठेच नसते. निवड करताना पहिली कात्री इथेच लागते.

स्टॅनफर्डचा मार्ग वेगळा. तिथे पूर्ण जुळणाऱ्या भावंडांत लसीका ग्रंथींवर दहा छोटे किरणडोस आणि अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन (टी पेशी मारणारी प्रतिपिंडे) देऊन दीर्घकाळ टिकणारे मिश्रण साधले जाते. अर्ध्या जुळणीत ते तितके सोपे ठरलेले नाही. नॉर्थवेस्टर्नच्या गटाने दात्याची मज्जा पूर्ण रुजवण्याचा मार्ग धरला. त्यात मिश्रण टिकते, पण दात्याच्या पेशी उलटण्याची जोखीम घ्यावी लागते. भारतात अहमदाबादच्या किडनी संस्थेत डॉ. एच. एल. त्रिवेदी यांच्या गटाने दात्याच्या मूळपेशी यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून देण्याची पद्धत दीर्घकाळ राबवली. तिचा भर गोळ्या पूर्ण काढण्यापेक्षा त्या कमी करण्यावर जास्त होता.

महाराष्ट्रात हे कोणी करायला घेतले तर दाता शोधण्याची अडचण सर्वांत कमी असेल. इथल्या किडनी रोपणात जिवंत नातेवाईक दाते मोठ्या संख्येने असतात, आणि आई किंवा वडील दाता म्हणजे आपोआप अर्धी जुळणी. आई दाता असेल आणि रुग्ण तिचा मुलगा असेल तर गर्भधारणेतून आलेल्या स्मृतीचा प्रश्न रुग्णाकडे उद्भवत नाही. उलट आई रुग्ण असेल आणि मुलगा दाता, तर तिच्याकडे मुलाच्या वडिलांकडून आलेल्या एचएलएविरुद्ध बी पेशींची स्मृती असू शकते. नवऱ्याची किडनी घेणाऱ्या, मुले झालेल्या बायकोलाही तेच लागू आहे. डायलिसिसवर असताना हिमोग्लोबिन घसरले की रक्त चढवायची सवय अनेक ठिकाणी आहे. प्रत्येक पिशवी परक्या एचएलएची ओळख करून देते. पुढे अशा रोपणाचा विचार असेल तर एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारे औषध) आणि शिरेतून लोह देऊन रक्त टाळावे. द्यावेच लागले तर पांढऱ्या पेशी गाळलेले द्यावे, आणि सायक्लोफॉस्फामाइड सुरू झाल्यावर तेच किरणोत्सर्जित करून. नाहीतर पिशवीतल्या तिसऱ्याच माणसाच्या लिम्फोसाइट पेशी रुजण्याचा धोका असतो.

क्षयाचा विचार वेगळा करावा लागेल. टी पेशी काही महिने तळाला राहतात आणि सुप्त क्षय नेमका तेव्हा उठतो. रोपणापूर्वी छातीचा सीटी स्कॅन आणि इंटरफेरॉन-गॅमा चाचणी करावी, आयसोनियाझिडचा प्रतिबंधक कोर्स ठरलेला असावा. रिफाम्पिसिन हे क्षयाचे दुसरे औषध टाळण्याचे कारण सायक्लोस्पोरिन आहे. रिफाम्पिसिन यकृतातली विकरे वाढवते आणि सायक्लोस्पोरिनची पातळी काही दिवसांत कोसळते. गोळ्या ठरवून कमी करायच्या असताना त्या अशा नकळत कमी झाल्या तर पुढे जे होते ते सहिष्णुतेचे अपयश की औषधांच्या झटापटीचा परिणाम, हे बायोप्सीही सांगू शकत नाही.